चिबड रान नको, तसे चिबड घरही नको

उसाचे बिल हाती आले की आपल्याकडे घरोघर दोन विषय निघतात. एक लेकीच्या लग्नाचा, आणि दुसरा गावाबाहेर सोयीच्या ठिकाणी चार भिंती घेण्याचा. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या भागांत हा दुसरा विषय निघाला की मलकापूरचे नाव येतेच. कराडला लागून, पुणे-बेंगळूर महामार्गावर, मोठे रुग्णालय हाताशी, कॉलेजे जवळ. मुलांच्या शिक्षणाला आणि म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याला अशी जागा बरी पडते. शिवाय चोवीस तास मीटरने पाणी देणारे गाव म्हणून मलकापूरचे नाव सगळ्या महाराष्ट्रात झाले. पूर्वीची ग्रामपंचायत, मग नगरपंचायत आणि आता नगरपरिषद, असे हे गाव डोळ्यांदेखत वाढले.

गाव वाढले तशी मोकळी जागा कमी झाली आणि गुंठ्याचा भाव चढला. मग बांधणाऱ्याने वर जाता येईल तेवढे वर नेले आणि उरलेले खाली उतरवले. आगाशिवाच्या डोंगराकडच्या चढणीला तर हे सहजच होते. रस्त्याच्या बाजूने बघावे तर घर एकमजली दिसते, आणि आत गेल्यावर आठ-दहा पायऱ्या खाली आणखी एक खोली, शेजारी न्हाणीघर आणि संडास. विकणारा अगदी गोडीने सांगतो, "पाहुणे आले, पोरगा अभ्यासाला बसला, तर खाली त्यांची वेगळी सोय. वरच्यांना त्रास नाही." एजंट या खालच्या मजल्याला 'लोअर ग्राउंड' म्हणतो. नाव काहीही द्या, जमिनीखाली गेले ते तळघर.

असे घर घ्यावे की घेऊ नये, याचा आज नीट विचार करू. कारण घर ही आयुष्यात एकदा घेण्याची वस्तू. कुणी त्यासाठी अर्धा एकर विकतो, कुणी नोकरीचा फंड काढतो, कुणी सोसायटीचे कर्ज डोक्यावर घेतो. गाय फसवी निघाली तर पुढच्या बाजारी विकता येते. घराचे तसे नाही.

रान घेताना आपण काय करतो ते आठवा. आपण नुसती माती बघत नाही. बांधावर उभे राहून उतार कुठे आहे, वरच्याचे पाणी आपल्यात येते का, आणि आपले पाणी बाहेर जायला ओढा किंवा चर आहे का, ते बघतो. निचरा नसला की चांगली काळीभोर जमीन चिबड होते, वर पांढरा खार फुटतो आणि ऊस पिवळा पडतो. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. पण हाच शहाणा माणूस घर बघायला गेला की फरशीची चमक बघतो, नळ सोडून पाण्याचा जोर बघतो, आणि ते पाणी जाते कुठे हे मात्र विचारीत नाही. तळघरातल्या न्हाणीघराचा सगळा प्रश्न एवढाच आहे. पाणी येते कसे, हे पाहायला सोपे असते. पाणी उतरते कुठे, ते शोधावे लागते.

पाणी वर चढत नाही

घरातले सांडपाणी पाइपातून बाहेर पडते, चेंबरमध्ये येते आणि तिथून गटारात किंवा सेप्टिक टाकीत जाते. हा सगळा प्रवास उताराने होतो. चार इंची पाइपला साधारण चाळीस फुटांना एक फूट उतार ठेवावा असा गवंड्यांचा हिशेब असतो. उतार नसला की पाणी निघून जाते आणि घाण मागे राहते.

आता समजा, घराबाहेरच्या चेंबरमधला पाइप रस्त्याच्या पातळीपासून दोन फूट खोल आहे, आणि तळघराची फरशी रस्त्यापासून पाच फूट खाली आहे. मग त्या फरशीवरचे पाणी बाहेर जायला तीन फूट वर चढायला हवे. पाणी आपण होऊन वर चढत नाही, हे पाट काढणाऱ्याला सांगायला नको. विकणाऱ्याने ते कसे चढवले आहे, हे विचारणे हा तुमचा हक्क आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पाइपात कुठे तुंबले की पाणी सर्वांत खालचे तोंड शोधते. बाहेरच्या चेंबरचे झाकण जर तळघरातल्या संडासाच्या भांड्यापेक्षा उंच असेल, तर तुंबलेले पाणी झाकणातून रस्त्यावर येणारच नाही. ते आधी तळघरातल्या मोरीतून आणि भांड्यातून उलटे वर येईल. त्यासाठी नदीला पूर यायला लागत नाही. वर सुनेने धुणे काढले, सासऱ्यांनी अंघोळ केली, आणि बाहेर चेंबरमध्ये प्लॅस्टिकची पिशवी अडकली, एवढे पुरे आहे. वरचे पाणी खाली पाहुण्याच्या अंथरुणापर्यंत येते.

म्हणून आपल्या देशातल्या बांधकाम नियमांतही हेच सूत्र आहे. तळघरात न्हाणीघर आणि संडास तेव्हाच असावा, जेव्हा मलवाहिनीची पातळी त्याला साजेशी खाली असेल आणि पाणी उलटे येण्याचा धोका नसेल.

दोन प्रकारची तळघरे

तेव्हा खाली उतरून न्हाणीघर आहे म्हणून घर लगेच टाकून देऊ नका. आधी तळघर कोणत्या जातीचे आहे ते ओळखा.

पहिली जात उताराच्या जागेची. पुढून रस्ता, मागे जमीन खाली गेलेली. अशा घराचा खालचा मजला पुढून जमिनीत असतो, पण मागच्या बाजूने उघडा असतो. मागे दार, खिडकी, थोडे अंगण. या न्हाणीघराचे पाणी मागच्या उताराने सरळ निघून जाऊ शकते. मागची टाकी किंवा गटार त्याच्याही खाली असले, तर हे न्हाणीघर वरच्या मजल्यावरच्याइतकेच चांगले.

फक्त एक पाहा. मागची जागा कोणाची? तुमचा पाइप दुसऱ्याच्या प्लॉटमधून जात असेल तर आज तो शेजारी गप्प बसेल, उद्या बांधकाम काढताना पाइप तोडेल. रानात पाटाच्या हक्कावरून भाऊभाऊ कोर्टात गेलेले आपण बघितले आहेत. घराच्या पाइपाचेही तेच. तो हक्क खरेदीखतात लिहून घेतला पाहिजे, तोंडी नको.

दुसरी जात खड्ड्याची. सपाट जागेत चारही बाजूंनी खणून खाली खोली काढलेली. हिला बाहेर पडायला उतार नाही, म्हणून सगळे पाणी पंपाने वर काढावे लागते. काही घरे तर मुळात खड्ड्यात नव्हती. शेजारचा रस्ता दर डांबरीकरणाला चढत गेला, भराव पडला, आणि जोते असलेले घर आपोआप रस्त्याच्या खाली गेले. मोठ्या रस्त्याकडेच्या गावांत अशी घरे पुष्कळ दिसतात. अशा घरात न्हाणीघर खाली असेल तर ती सोय धरू नका, जोखीम धरा. तो मजला सामानाच्या खोलीच्या भावाने मोजा.

गवंड्याची नळी घेऊन जा

ही जात ओळखायला इंजिनियरच लागतो असे नाही. गवंड्याकडे पारदर्शक प्लॅस्टिकची लेव्हलची नळी असते. तिच्यात पाणी भरून बुडबुडे काढले की दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीला राहते, मग मध्ये भिंत असो की जिना. नळीचे एक टोक बाहेरच्या चेंबरच्या झाकणाशी धरा आणि दुसरे तळघरात न्या. झाकणाची पातळी तळघराच्या भिंतीवर खडूने लिहा. ती रेघ न्हाणीघराच्या फरशीच्या खाली आली तर उत्तम. कमरेशी आली, तर तुंबल्या दिवशी पाणी कुठपर्यंत चढू शकेल हे भिंतीवरच लिहिलेले आहे असे समजा.

मग झाकण उघडायला लावा आणि आतल्या पाइपाचा तळ किती खोल आहे ते काठीने मोजा. विकणारा झाकण उघडायला का कू करू लागला, तर इसार खिशातच ठेवा.

नंतर खालच्या न्हाणीघरात दोन बादल्या पाणी एकदम ओता. वर त्याच वेळी नळ सोडायला आणि संडासात पाणी टाकायला सांगा. खाली मोरीत गुडगुड आवाज आला किंवा पाणी फुगून हळू उतरले, तर पाइपात उतार किंवा हवा यांपैकी एक कमी आहे. मैल्याच्या पाइपाला छपरावर नेलेली हवेची नळी असायला हवी. ती आहे का, तेही वर जाऊन पाहा.

सेप्टिक टाकी असेल तर

गटाराची जोडणी आहे की सेप्टिक टाकी, हे स्पष्ट विचारा. जोडणी आहे असे सांगितले, तर नगरपरिषदेत जाऊन खात्री करा.

टाकी असेल तर ती कुठे आहे, झाकण उघडता येते का, आणि मैल्याची गाडी तिथपर्यंत पोचते का, हे तीन प्रश्न. घराच्या खाली किंवा तळघराच्या फरशीखाली टाकी असेल तर असे घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकीतला वायू हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट जागेत साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. टाकीत उतरलेला एक माणूस, त्याला काढायला उतरलेला दुसरा, आणि त्याच्यामागे तिसरा, अशी माणसे गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पैसे वाचतात म्हणून कुणाला उतरवू नका, आणि घरच्या पोराला तर नाहीच नाही.

टाकीतून निघालेले पाणी शोषखड्ड्यात मुरते. मुरमाड जमिनीत ते बरे मुरते. काळ्या भारी जमिनीत मुरत नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. मग खड्डा भरतो, टाकी भरते आणि पाणी खालच्या न्हाणीघराकडे वळते. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर शोषखड्ड्यापासून निदान साठ फूट लांब असावी.

घर उन्हाळ्यात बघू नका

घर बघायला आपण एप्रिल-मे महिन्यात जातो, कारण रानात काम नसते. तेव्हा तळघर थंडगार लागते आणि जीव सुखावतो. तेच घर ऑगस्टमध्ये, चार दिवसांची झड लागल्यावर बघा. आपल्या भागात खाली काळा कातळ आणि वर मुरूम. पावसाचे पाणी मुरमातून उतरते, कातळाला अडते आणि आडवे वाहू लागते. वाटेत तुमच्या तळघराची भिंत आली की तिला बाहेरून रेटते.

उन्हाळ्यात जावेच लागले तर खुणा बघा. भिंतीला कमरेपर्यंतच नवा रंग, कोपऱ्यात पांढरा खार, दाराची फळी खाली फुगलेली, लोखंडी कपाटाचे पाय गंजलेले. शेजारच्या विहिरीचे पाणी भर पावसात किती हातांवर येते ते विचारा. विहिरीतले पाणी तुमच्या तळघराच्या फरशीपेक्षा वर येत असेल, तर तेवढ्या ताकदीने ते फरशीखालून दाबणार, हा साधा हिशेब आहे. अशा ठिकाणी भिंत आणि फरशी सिमेंट-काँक्रीटची, पाणी न झिरपणारी हवी. नुसत्या विटांचे काम तिथे टिकत नाही. शिवाय हा मुलूख भूकंपाचा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का ज्यांनी अनुभवला ते वडीलधारे अजून सांगतात. मातीचा भार पेलणारी भिंत कच्ची असून चालत नाही.

पुराची रेघ

कृष्णा आणि कोयना या दोघींच्या संगमाशी राहणाऱ्यांना पूर नवा नाही. पण २००५, २०१९ आणि २०२१, असे सोळा वर्षांत तीन मोठे पूर या खोऱ्याने पाहिले. खाली सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तुम्हाला ठाऊक असतील. जमिनीच्या पोटात खोल खड्डे, वर अरुंद तोंड, आणि आत हळद वर्षानुवर्षे कोरडी राहायची. तिथली मातीच तशी, पाणी न धरणारी. जुन्या लोकांनी जमिनीखाली काय ठेवावे हे माती पाहून ठरवले होते. पण २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि त्यांतली कितीतरी निकामी झाली. जमिनीखालची जागा शंभर वर्षे कोरडी राहिली तरी एका रात्रीच्या पाण्याने जाते, हा त्यातला धडा आहे.

मलकापुरात चढावरच्या घराला नदीचे भय कमी, सखल भागातल्या आणि ओढ्याकाठच्या घराला जास्त. जलसंपदा खात्याने नद्यांना पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमचा प्लॉट या रेषांच्या कोणत्या बाजूला पडतो ते नगरपरिषदेत विचारा. आणि कागदाइतकाच भरवसा शेजारच्या म्हातारीच्या बोलण्यावर ठेवा. "मावशी, २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" एवढा प्रश्न पुरे. ती हाताने भिंतीवर जागा दाखवील.

हे सगळे फार झाले असे कुणी म्हणेल. पण २७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजेंद्र नगरात काय झाले ते विसरता येत नाही. स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीच्या तळघरातील अभ्यासिकेत रस्त्यावरचे पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. आपल्याही गावांतली पोरे त्याच गल्ल्यांत अभ्यासाला राहतात. अमेरिकेत न्यूयॉर्कला सप्टेंबर २०२१ मध्ये 'आयडा' वादळाच्या पावसात तळघरात राहणारी माणसे अशीच गेली. म्हणून पोराला अभ्यासासाठी, म्हाताऱ्या आईला विश्रांतीसाठी खाली झोपवायचे असेल, तर त्या खोलीला बाहेर पडायला दुसरा रस्ता हवा. एकच जिना असेल आणि पाणी त्याच जिन्याने येत असेल, तर तिथे रात्री कुणाला झोपवू नये.

कुणाचा मुलगा अमेरिकेत असतो, तो फोटो पाठवतो, आणि तिथल्या तळघरात सुंदर न्हाणीघर दिसते. तिथल्या थंड मुलखात जमीन वरून काही फूट गोठते. घराचा पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो, म्हणून तळघर आपसूकच निघते. त्याच्याभोवती निचऱ्याची नळी आणि आत पंप अशी व्यवस्था करतात. आपली जमीन गोठत नाही. आपल्याकडे तळघर निघते ते गुंठ्याच्या भावामुळे, आणि खर्च वाचवायचा म्हणून ती निचऱ्याची व्यवस्था गाळली जाते. फोटो बघून हुरळून जाऊ नये.

बंब, गिझर आणि वीज

तळघरातल्या न्हाणीघराला बहुधा खिडकी नसते. तिथे लाकडाचा बंब पेटवू नका आणि गॅसचा गिझरही लावू नका. कोंडलेल्या जागेत जळण अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीला गेलेला माणूस दाराआड गप्प होतो. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तळघरातच साठतो. पाणी वर तापवा आणि पाइपाने खाली न्या. दमट हवा बाहेर फेकणारा पंखा आणि त्याची बाहेर उघडणारी नळी हवीच. विजेची बटणे छातीच्या उंचीवर असावीत आणि धक्का बसताच वीज तोडणारे यंत्र, ज्याला वायरमन ईएलसीबी म्हणतात, ते बसवलेले असावे.

चोवीस तास पाणी असणाऱ्या गावात आणखी एक काळजी. जिथे तासभर पाणी येते तिथे फुटलेला नळ तासभरच वाहतो. चोवीस तासांचा नळ तुम्ही गावी पेरणीला गेलात तरी रात्रंदिवस वाहतो, आणि ते पाणी तळघरात साठते. म्हणून तळघराच्या पाइपाला वेगळा कॉक ठेवा, घर बंद करताना तो बंद करा. मीटरचा उपयोगही करा. रात्री निजताना आकडा लिहा, पहाटे कुणी पाणी वापरण्याआधी पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर कुठे तरी गळती आहे. घर घेण्याआधीही ही परीक्षा करता येते.

घेतलेच असेल, किंवा घ्यायचेच असेल तर

काही वाचकांनी असे घर आधीच घेतले असेल. त्यांनी घाबरू नये. उपाय आहेत.

तळघराच्या पाइपाला उलटे पाणी अडवणारा वॉल्व्ह बसवा. पण तो फक्त तळघराच्या फाट्यावर हवा. सगळ्या घराच्या मुख्य पाइपावर बसवला, तर तो बंद झाल्यावर वरच्या मजल्याचे पाणी बाहेर जाणार नाही आणि तळघरातच उतरेल. वॉल्व्ह चेंबरमध्ये हात पोचेल असा असावा, पावसाळ्याआधी उघडून साफ करावा.

खड्ड्याच्या तळघराला झाकणबंद हौद आणि मैला उपसणारा पंप लागतो. पंपाचा पाइप रस्त्याच्या पातळीच्या वर चढवून मग खाली गटाराकडे उतरवावा, म्हणजे पाणी उलटे येत नाही. मात्र पाऊस जोराचा आणि वीज गेलेली, हा योग आपल्याकडे नेहमीचा. वीज नसताना खालचे न्हाणीघर वापरायचे नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

खालची मोरी फार वापरात नसेल तर तिच्या जाळीखाली उभे राहणारे पाणी वाळते. ते पाणी वायूला अडवते. ते वाळले की घरभर दुर्गंधी येते. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतले की काम झाले. याला पैसा लागत नाही.

आणि ज्यांना जमेल त्यांनी सरळ संडास वर न्यावा, खाली नुसती खोली ठेवावी. हा सर्वांत टिकाऊ उपाय.

इसार देण्याआधी

कागद बघताना मंजूर नकाशा मागा. नकाशात खालचा मजला 'तळघर' म्हणून सामानासाठी किंवा गाड्यांसाठी दाखवला असेल आणि प्रत्यक्षात तिथे झोपण्याची खोली आणि न्हाणीघर असेल, तर ते बांधकाम नकाशाबाहेरचे. उद्या बँक कर्ज देताना अडेल, नगरपरिषदेची नोटीस आली तर ती तुमच्या नावे येईल. बिगरशेतीचा आदेश, बांधकाम परवाना, भोगवट्याचा दाखला आणि घरपट्टीची पावती या सगळ्यांवर एकच क्षेत्र आहे का ते जुळवा. तळघराची उंचीही मोजा. ती किमान आठ फुटांच्या आसपास हवी.

मग भावाचे बोला. चांगल्या प्लंबरला नेऊन पंप, वॉल्व्ह, पंखा, भिंतीचे काम यांचा खर्च कागदावर काढून घ्या आणि तो किमतीतून वजा मागा. विकणाऱ्याने नकार दिला तर उठून यायला कचरू नका. मलकापुरात घरे संपलेली नाहीत.

शेवटी एक सांगणे. घर बघायला चार पुरुष जीप करून जातात, चहा पितात आणि सौदा ठरवून येतात. न्हाणीघर धुणार कोण, तुंबले तर बादली घेऊन उतरणार कोण, रात्री सासूबाईंना हात धरून त्या पायऱ्या उतरवणार कोण? ती घरातली बाई. तिला आधी ते घर दाखवा. पायऱ्यांना कठडा आहे का, फरशी घसरते का, वास येतो का, हे ती एका फेरीत सांगेल. तिने खालच्या मोरीपाशी उभे राहून नाक मुरडले, तर तो सौदा पुन्हा एकदा तपासा.